तीन नंबरचा हिरवा दिवा

माझं काम नेमकं काय, हे मला पांढुर्ण्यात आजवर कोणाला धड समजावता आलं नाही. शेजारच्या काकू कित्येक वर्षं मला बँकेतली समजत होत्या. मी गॅलरीत उभी राहून फोनवर सारखी 'सर्व्हर बसला, सर्व्हर बसला' म्हणायची आणि हे वाक्य त्यांनी फक्त बँकेतच ऐकलेलं. एकदा तर पासबुक घेऊन आल्या. मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी त्यांचं पासबुक घेऊन मीच बँकेत जाऊन आले.

तर मी लोड बॅलन्सर बसवायची. समजा, एखाद्या वेबसाइटवर एकाच वेळी हजारो माणसं येतात. एका सर्व्हरला ती झेपत नाहीत, म्हणून मागे चार सर्व्हर ठेवतात आणि पुढे एक दारवान उभा करतात. आलेल्या माणसाला 'तू इकडं, तू तिकडं' करणारा. शनिवारी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला गर्दी झाली की रांगेच्या तोंडाशी उभा राहून कोणीतरी लोकांना वाटून देतो ना, तसाच. हा दारवान म्हणजे लोड बॅलन्सर. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला तो खरोखरचा डबा होता, लोखंडी, पंख्याचा आवाज करणारा, उचलताना कंबर धरायला लावणारा. मग क्लाउड आलं आणि डबा गेला. काम राहिलं.

डबा गेल्याचं दुःख माझ्यापेक्षा आमच्या एका गिऱ्हाइकाला जास्त झालं. संत्र्यांचे मोठे व्यापारी, वेबसाइटवर मालाची बोली लावायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते थेट आमच्या नागपूरच्या ऑफिसात आले. हातात झेंडूची माळ.

"मॅडम, तो डबा दाखवा."

"भाऊसाहेब, डबा नाही. तो क्लाउडमध्ये आहे."

"मतलब?"

"मतलब दुसऱ्याच्या मोठ्या मशीनच्या पोटात आपलं एक मानलेलं मशीन आहे."

"मानलेलं?"

"हो. मानलेल्या भावासारखं. रक्ताचं नाही, पण हाक मारली की येतं."

त्यांनी माळ उचलून माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "ते ठीक हाये. पण मंग दसऱ्याले पूजा कायची करू?" शेवटी मी त्यांना नेटवर्कचा नकाशा कागदावर छापून दिला. त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि समाधानानं गेले. पुढच्या वर्षी फोन आला की नवा नकाशा पाठवा, जुना उंदरानं खाल्ला. अशी गिऱ्हाइकं मला आवडायची. ती निदान विचारायची तरी की आत काय आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी.

त्याआधी दारवानाबद्दल दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली अशी की दारवान मागच्या प्रत्येक सर्व्हरला दर दहा सेकंदांनी विचारतो, 'बरा आहेस का?' उत्तर आलं तर माझ्या पडद्यावर त्या सर्व्हरचा दिवा हिरवा. नाही आलं तर लाल, आणि मग दारवान तिकडे माणसं पाठवणं बंद करतो. आता हा प्रश्न किती खोलवर विचारायचा, हे आमच्यासारखे लोक ठरवतात. नुसतं 'जागा आहेस का' विचारता येतं, किंवा 'जागा आहेस, आणि लिहून घेतोयस का' असंही विचारता येतं. आधी मी खोलवरचाच प्रश्न ठेवला होता. एकदा त्यापायी चांगले सर्व्हर उगाच लाल झाले, भर गर्दीत साइट बंद पडली आणि मला बोलणी खावी लागली. मी चिडले आणि नुसतं 'जागा आहेस का' एवढंच ठेवून दिलं.

दुसरी गोष्ट. माणूस एका खिडकीवर, म्हणजे एका सर्व्हरवर, फॉर्म भरायला लागला की त्याला शेवटपर्यंत त्याच खिडकीवर ठेवावं लागतं, कारण त्याचे कागद तिथे असतात. त्यासाठी दारवानानं माणूस ओळखायला हवा. एकतर त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची, नाहीतर तो ज्या पत्त्यावरून आला तो पत्ता लक्षात ठेवायचा. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला असा आकड्यांचा पत्ता असतो. चिठ्ठ्या हरवत होत्या, म्हणून मी पत्ता धरला. सोपं, साफ काम. मला त्याचा अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोलू?

ही व्यवस्था होती एका शिक्षणसंस्थेच्या साइटवर. त्यांची नर्सिंगची कॉलेजं. ज्यांची नावं यादीत लागली त्यांनी तीन दिवसांत साइटवर जाऊन आपली सीट पक्की करायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला दार बंद. न केलेली सीट पुढच्याला.

तोवर मी नागपूर सोडून पांढुर्ण्याला घरूनच काम करत होते. खिडकीशी टेबल, भिंतीवर कॉम्प्युटरचा मोठा पडदा, घरात फायबरचं झकास इंटरनेट.

पहिल्या दिवशी दुपारी भोजराजचा फोन आला. भोजराजचं पांढुर्ण्याजवळच्या सौंसरला ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं, फोटो चिकटवणं. आम्ही सौंसरला एकाच शाळेत होतो, तो माझ्यामागे दोन वर्षं. त्याला ठाऊक होतं की ही साइट मी सांभाळते, म्हणून त्यानं हेल्पलाइन सोडून मलाच लावला.

"ताई, ते नर्सिंगवाल्याची साइट चालून नाही राहिली."

"चालून राहिली. मी आत्ताच पाहिली."

"तुमच्या इथं चालून राहिली असन. इथं सकाळपासून सात पोरी बसल्या हायेत. फोटो लागते, सही लागते, समदं होते. अन् शेवटचं बटन दाबलं का चाक फिरत राह्यते."

मी पडद्याकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार. चारही दिवे हिरवेगार.

"भोजराज, माझे चारही दिवे हिरवे आहेत."

"दिवे हिरवे असतीन ताई, पण पोरी रडून राहिल्या ना."

"मग तुझं ते नेटचं डबडं बदल आधी! नाचता येईना अंगण वाकडं."

तो मग म्हणाला, "बरं ताई, पाहतो." दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा लावला. डबडं बदललं होतं म्हणे, त्यातलं मोबाइलचं सिमसुद्धा नवीन घातलं, त्याच कंपनीचं, कारण आमच्याकडे दुसऱ्या कोणाची रेंजच नीट धरत नाही. तरी चाक फिरतच होतं. मी मीटिंगमध्ये होते. "भोजराज, नागपूरहून होतंय, पुण्याहून होतंय, भोपाळहून होतंय. फक्त सौंसरहून होत नाही, तर चूक कोणाची असेल?" असं विचारून मी फोन ठेवला. हा प्रश्न मी त्याला विचारला, स्वतःला विचारला नाही. इतर गावांतून एखाददुसरी तक्रार येत होती, पण ती माणसं दुसऱ्यांदा करायची आणि त्यांचं व्हायचं. माझं डोकं त्यावर आरामात झोपलं होतं.

त्याच दुपारी हेल्पलाइनवरून एक कॉल माझ्याकडे वळवला गेला. आवाज बारीक, घाबरलेला.

"मॅडम, मी लोधीखेड्याहून बोलून राहिली. पायल. माझी सीट लागली हाये लिस्टमधी. पक्की करून राहिली, पण होऊनच नाही राहिलं."

"किती वेळा बटण दाबलंस?"

"दहा-बारा वेळा असन."

"अगं, असं दहा-दहादा दाबलं तर बिघडणारच ना! हातात मोबाइल आला म्हणजे काय, खेळणं आहे का?"

ती मग म्हणाली, "मॅडम, सीट नाही भेटली तं बाबा मले कापसाच्या जिनिंगमधी कामाले लावतो म्हणते. सौंसरले सेंटरवर जाऊ का?"

"सेंटरवर अजिबात जाऊ नकोस. त्यांचंच नेट खराब आहे. घरीच बस, मोबाइल बंद करून चालू कर आणि शांतपणे एकदाच दाब. समजलं?"

"हाव मॅडम."

मी टिकिट लिहिलं. टिकिट म्हणजे तक्रारीची नोंद. पायल, लोधीखेडा. अडचण वापरकर्तीच्या मोबाइलची. सूचना दिली. तक्रार बंद. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. मला वाटलं, किती शांतपणे समजावलं आपण.

तिसऱ्या दिवशी पाच वाजले. मी अहवाल लिहिला, तीन दिवस सेवेत एकही खंड नाही, आणि चहा टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी दारात भोजराज. सौंसरहून पहिल्या गाडीनं आला होता. हातात एक जाड पाकीट.

"ताई, भांडायले नाही आलो. दाखवायले आलो."

आत येऊन त्यानं पाकीट टेबलावर रिकामं केलं. फोटो होते, साध्या कागदावर छापलेले. भोजराजची एक सवय आहे. मागे कधीतरी एका बापानं त्याच्यावर आळ घेतला की तू माझ्या मुलाचा फॉर्म भरलाच नाहीस. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरशेजारी उभं करतो आणि फोटो काढतो. पडदा दिसला पाहिजे, मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं पाहिजे, माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. भांडणाला जागाच नको.

मी एकेक फोटो पाहू लागले. दोन वेण्या घातलेली पोरगी, शेजारी पडदा, पडद्यावर चाक, घड्याळात सव्वाअकरा. दुसरी पोरगी, चाक, साडेबारा. एका मुलाबरोबर त्याचे आजोबाही फोटोत उभे राहिले होते. काही मुली फोटो काढतात म्हणून हसल्या होत्या. शेजारी ते चाक फिरतंय आणि ह्या हसून राहिल्या! पहिल्या दिवसाचे फोटो, दुसऱ्या दिवसाचे, तिसऱ्या दिवसाचे. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.

तरी माझी मस्ती जाईना. म्हणाले, "फोटोवरून काय सिद्ध होतं, भोजराज? तुझं नेटच..."

"ताई, तुमचा मोबाइल घ्या. वायफाय बंद करा. अन् करून पहा."

माझ्याकडे ऑफिसचं चाचणीचं खातं होतं, त्याला मुदत नसते. वायफाय बंद केलं. फॉर्म उघडला, भरला, शेवटचं बटण दाबलं. चाक. फिरतंय, फिरतंय. मी वायफाय चालू केलं आणि तेच पुन्हा केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. पुन्हा बंद. पुन्हा चाक. तोच मोबाइल, तोच हात, तीच खुर्ची. तीनदा केलं.

अरे बापा! अरे बापा रे! मी हे दोन शब्द किती वेळा बोलले असेन कोण जाणे. भोजराजनं मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरातलं.

मग मी दारवानाची नोंदवही उघडली, आणि दोन मिनिटांत सगळं समोर आलं. मोबाइल कंपन्या हजारो फोन एकाच दारातून बाहेर सोडतात. बाहेरून पाहिलं तर त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. सव्वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला हे माहीत नसेल? माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं, नव्या लोकांना शिकवलेलं. पण पत्त्यावरून माणूस ओळखायचं ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर शहरातली घरं होती, घरटी एक जोडणी असलेली. माझीच माणसं माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. दारवानाच्या लेखी तिगावपासून लोधीखेड्यापर्यंतचा आमचा सगळा मुलूख म्हणजे एकच माणूस होता, आणि त्या एका माणसाला तो इमानेइतबारे तीन दिवस एकाच खिडकीवर पाठवत होता. तीन नंबरच्या.

आणि तीन नंबरचा सर्व्हर आजारी होता. माहिती साठवण्याच्या जागेशी त्याची जोडणी तुटली होती. पानं दाखवायचा, पण लिहून घ्यायचा नाही. दारवान विचारायचा, जागा आहेस का? तो म्हणायचा, जागा आहे. खोटं कुठे बोलत होता? मीच त्याला तेवढंच विचारायला सांगितलं होतं. बाहेरगावच्यांचा पत्ता बदलायचा, ते दुसऱ्या खिडकीवर जायचे आणि सुटायचे. आमचे लोक सुटणार कसे? त्यांचा रस्ता एकच.

मी तीन नंबर काढून टाकला. दोन कळा दाबल्या. भोजराजनं माझ्याच मोबाइलवर करून पाहिलं, झालं.

"एवढंच होतं, ताई?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारलं. मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

पुढचं भांडण आमच्या मॅनेजरशी, ढोबळे साहेबांशी. मी फोनवर सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण कंपनीचं मीठ खाल्लेले. "रेखाताई, टेलिकॉमचा प्रॉब्लेम म्हणू या ना. तसं ते थोडं खरंही आहे."

"साहेब, ते थोडंसुद्धा खरं नाही. टेलिकॉमवाले जे करतात ते सगळीकडेच करतात. दारवान माझा आहे."

शेवटी मी स्वतः संस्थेला पत्र लिहिलं, चूक आमची, मुदत परत द्या. संस्थेचं उत्तर सरळ होतं. ज्यांनी त्या तीन दिवसांत खरोखर प्रयत्न केला त्यांची नावं पुराव्यासह द्या, त्यांना एक दिवस देऊ. नंतर कोणीही उठून म्हणेल मी प्रयत्न केला होता.

नावं! माझ्या नोंदवहीत नावं कुठली? तिथे एकच पत्ता, आणि त्या पत्त्यावरून दिवसभर ठोठावलेलं दार. कोणी ठोठावलं ते लिहून घेणारा सर्व्हरच तर बसला होता. मी डोकं धरून बसले. आणि मग भोजराजचं ते पाकीट. तोंड, पडदा, घड्याळ. फोटोतली वेळ आणि माझ्या नोंदवहीतली वेळ आम्ही दोघांनी एकेक करून जुळवली. दोन दिवस लागले. प्रत्येक फोटो जुळला. जगातल्या कुठल्याही ऑफिसात एवढं नेटकं रेकॉर्ड मी पाहिलं नाही, आणि मी त्याला डबडं बदल म्हणाले होते.

यादी पूर्ण झाल्यावर भोजराज म्हणाला, "लोधीखेड्याची एक पोट्टी राह्यली. पायल. ते आलीच नाही सेंटरवर. तिच्या मायनं सांगितलं का मॅडमनं येऊ नको म्हटलं म्हणे. कोण मॅडम होती काय माहीत."

तिच्याजवळ फोटो नव्हता. घरी बसून, मी सांगितलं तसं, शांतपणे, एकेकदा दाबत राहिली होती ती. तिनं प्रयत्न केल्याचा एकच पुरावा जगात होता. माझं टिकिट. अडचण वापरकर्तीच्या मोबाइलची. तक्रार बंद. खाली माझं नाव.

"ते पाठवलं तर तुमच्याच हातचं लेखी जातं," ढोबळे साहेब म्हणाले. "बाकीच्यांचं झालंय. एका मुलीसाठी कशाला हात दाखवून अवलक्षण करता?"

"साहेब, त्या टिकिटावर एकाच मुलीचं नाव आहे. दुसरं माझं. पाठवते आहे."

पाठवलं. व्हायचं ते झालं. ते गिऱ्हाईक माझ्याकडून काढून घेतलं, ताकिदीचं एक पत्र मिळालं, आणि पुढं काही महिन्यांत मी वेळेआधीच निवृत्ती घेतली. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाटायला पाहिजे ते दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं.

संस्थेनं एक दिवस दिला, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. यादीत शेवटचं नाव पायलचं. सगळ्यांना मेसेज गेले. दुपारी एकपर्यंत एकेक सीट पक्की होत गेली. पायलची नाही. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मी सौंसरची गाडी धरली. भोजराज स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभाच होता. लोधीखेड्याला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

पायलची आई ओसरीत भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. ती उठलीच.

"अव माय! तिनं तं फोन मले देऊन टाकला. पिठाच्या डब्यात ठेवला हाये. हातच नाही लावत पोट्टी."

"का?"

"काहून म्हणजे? तिच्या बापानं विचारलं, समद्यांचं होते, तुह्यं काहून नाही होत? पोट्टी म्हणे, मॅडम म्हणाल्या का म्याच दाबून दाबून बिघडवलं. मंग बापानं लय बोल लावला तिले. तेव्हापासून बोलतही नाही कोणासंग."

पायल दारात येऊन उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची, बारीक. आवाजावरून मी हिला कितीतरी लहान समजले होते.

मी तिला सगळं सांगितलं. चूक तुझी नव्हती, मोबाइलची नव्हती, माझी होती. तीन नंबर, हिरवा दिवा, एकच पत्ता, सगळं. तिनं मान हलवली, मोठ्या माणसांपुढं हलवतात तशी. आईनं डबा उघडून फोन काढला, पदरानं पीठ पुसलं. फोन चालू झाला. मी साइट उघडून दिली. मुद्दामच तिच्याच सिमवर. नाव, फोटो, सही, सगळं तिच्या फोनमधून पुन्हा भरलं. खाली शेवटचं बटण.

"दाब," मी म्हटलं.

तिनं हात मागे घेतला. "तुम्हीच दाबा मॅडम. माझ्या हातून बिघडते."

"काही बिघडत नाही. आता दाब."

"नाही मॅडम. तुम्हीच दाबा."

मला दाबता आलं असतं. एका सेकंदाचं काम. पण मला वाटलं, हे हिच्याच हातून व्हायला पाहिजे, नाहीतर जन्मभर ही स्वतःच्या हाताला भीत राहील. मी हट्टी. मी थांबले. समजावलं, विनवलं, शेवटी चिडलेसुद्धा, देवा, तेव्हाही चिडले! ती फोनकडे पाहायलाच तयार नव्हती. भोजराज सारखा घड्याळाकडे पाहत होता. पाचला दहा कमी. पाचला सात कमी.

"ताई, दाबा ना बापा तुम्ही," तो हळूच म्हणाला.

मी हात पुढे केला, तेवढ्यात तिची आई मध्ये आली. तिनं लुगड्याला हात पुसले.

"कोणतं हाये ते बटन? मले वाचता नाही येत, मले बोटानं दाखवा."

मी दाखवलं. तिनं मातीच्या बोटानं ते दाबलं, चुलीतला निखारा सारावा तसं जपून, अर्धवट मागे सरत. चाक एकदा फिरलं. आणि पडद्यावर आलं, आपली जागा पक्की झाली आहे.

भोजराजनं सवयीनं फोटो काढला. आई हसायला लागली. म्हणाली, "झालं का वो? झालं? माह्या बोटानं झालं?"

पायल हसली नाही. ती आईच्या बोटाकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मायच्या हातानं एका टाइमात झालं. मंग माझ्या वेळी काहून नाही झालं, मॅडम?"

या प्रश्नाचं उत्तर मला तासभर देता येतं. मी ते आत्ताच तिला दिलंही होतं. मी पुन्हा म्हटलं, "माझ्यामुळे." तिनं पुन्हा तशीच मान हलवली, आणि फोन आईच्या हातातच राहू दिला.